सर्व्हरच्या डिस्कची नाडीपरीक्षा

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)

सेवा केंद्राच्या खिडकीपाशी दाखल्यासाठी उभ्या असलेल्या नागरिकाला जे उत्तर वारंवार ऐकावे लागते, ते अवघ्या तीन शब्दांचे आहे : "सर्व्हर स्लो आहे." शाळेचा निकाल पाहणारा विद्यार्थी, सातबाराचा उतारा काढणारा शेतकरी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारा शिक्षक या सर्वांच्या वाट्याला हे उत्तर येते. उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही त्यापलीकडे काही ठाऊक नसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली अंमलात आला आणि अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. मुदतीचे दिवस मोजणारी दिनदर्शिका सर्व्हरच्या संथपणासाठी थांबून राहत नाही. म्हणूनच ‘स्लो’ म्हणजे नेमके काय, तो संथपणा कोठे उत्पन्न होतो आणि तो मोजावा कसा, हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो प्रशासनाचा प्रश्न झाला आहे.

सर्व्हर संथ झाला की बहुधा तीन उपाय केले जातात. प्रथम तो बंद करून पुन्हा सुरू केला जातो. तेवढ्याने भागले नाही तर सेवा पुरविणाऱ्यास पत्र लिहिले जाते, आणि तेही निष्फळ ठरल्यास नव्या, अधिक शक्तिशाली यंत्राची मागणी वर पाठविली जाते. या तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. कोणीही काही मोजलेले नसते. रोग्याची नाडी न पाहता औषध देण्याचा हा प्रकार होय, आणि औषधाची किंमत सार्वजनिक तिजोरीतून दिली जाते.

या व्याख्यानाचा विषय म्हणजे सर्व्हरच्या एका विशिष्ट अवयवाची, अर्थात डिस्कची, नाडीपरीक्षा. तिच्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. काळ्या पडद्यावर टंकलेल्या चार-सहा साध्या आज्ञा त्यासाठी पुरेशा असतात. या आज्ञा ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात, ती हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केली, आणि आज जगातील असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात.

दप्तरखाना आणि शिपाई

सर्व्हरची अंतर्गत रचना समजण्यास जुन्या कचेरीचे उदाहरण उपयोगी पडेल. कचेरीतील कारकून म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर. त्याच्यापुढचे टेबल म्हणजे मेमरी, आणि मागच्या बाजूचा दप्तरखाना म्हणजे डिस्क. कारकून कितीही चपळ असला तरी हवा असलेला कागद टेबलावर नसेल, तर तो दप्तरखान्यातून आणावा लागतो. शिपाई आत जातो, योग्य कपाट शोधतो, रुमाल सोडतो, कागद काढतो आणि परत येतो. तोवर कारकून रिकामा बसून असतो. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र वाटते की कारकूनच आळशी आहे.

अशा कचेरीत आणखी दोन कारकून नेमल्याने काम वाढेल काय? वाढणार नाही. उलट शिपायाकडे मागण्यांची रांग अधिक लांब होईल. टेबल मोठे केल्यास मात्र नेहमीचे कागद हाताशी राहतील आणि शिपायाच्या फेऱ्या वाचतील. सर्व्हरमध्ये मेमरी वाढविल्याने बरेचदा डिस्कवरील ताण हलका होतो, तो याच कारणाने. आणि कागद जर विस्कळीत, दहा कपाटांत विखुरलेले असतील, तर शिपाई बदलण्याआधी दप्तराची मांडणी सुधारणे अगत्याचे ठरते.

डिस्कची चाल

फिरत्या तबकड्यांची पहिली व्यापारी डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. ‘रॅमॅक’ या संगणकाच्या त्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. आज एकाच डिस्कवर २० लाख कोटी अक्षरे साठविता येतात. म्हणजे साठवण ४० लाख पटींनी वाढली. परंतु आजच्या सर्वसाधारण डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे गती अवघी सहापट वाढली. डिस्कविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या विषमतेत आहे. दप्तरखाना प्रचंड झाला, पण शिपायाची चाल त्या मानाने फारशी वाढली नाही.

थोडा हिशेब करून पाहता येईल. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती जागा वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. वाचनशीर्ष योग्य मार्गावर नेण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एकूण साडेबारा मिलिसेकंद धरल्यास अशी डिस्क सेकंदाला सुमारे ८० विखुरलेल्या मागण्या पुऱ्या करू शकते. त्याहून फार अधिक कामाची अपेक्षा तिच्याकडून करता येत नाही. हीच डिस्क सलग मजकूर वाचताना मात्र सेकंदाला दीडशे मेगाबाइटहून अधिक वेग गाठू शकते, कारण तेव्हा शीर्षाला धावपळ करावी लागत नाही.

फिरते भाग नसलेल्या घन-स्थिती साठवणीत, म्हणजे एसएसडीमध्ये, हा विलंब मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो. तरी तिची शक्तीही अमर्याद नाही, आणि लेखनाच्या फेऱ्यांनी ती झिजत जाते. यास्तव कोणतीही डिस्क असो, मोजमाप अटळ आहे.

पहिली चौकशी : जागा आहे काय?

चपळाईची परीक्षा घेण्याआधी दप्तरखान्यात जागा शिल्लक आहे की नाही, हे पाहावे. त्यासाठी ‘डीएफ’ ही आज्ञा आहे. तिच्यापुढे एक जागा सोडून वजाचिन्ह व ‘एच’ हे अक्षर टंकले की प्रत्येक विभागाची एकूण, वापरलेली व उरलेली जागा सहज वाचता येईल अशा आकड्यांत दिसते. विभाग पूर्ण भरला की नवे अर्ज स्वीकारले जात नाहीत, नोंदी लिहिल्या जात नाहीत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ‘सर्व्हर बंद पडला’ एवढेच दिसते.

येथे दोन गोष्टी अनुभवी माणसालाही चकवितात. पहिली अशी की, लिनक्सवरील ‘ईएक्सटी-४’ सारख्या फाइल-रचनेत एकूण किती फाइली ठेवता येतील याची संख्या विभाग तयार करतानाच ठरून जाते. लक्षावधी अतिलहान फाइली साठल्या तर जागा उरलेली असूनही नवी फाइल उघडता येत नाही. कपाटात जागा आहे, पण अनुक्रमणिकेची पाने संपली, अशी ती अवस्था होय. ‘डीएफ’ पुढे वजाचिन्ह व ‘आय’ हे अक्षर दिले की ती उघड होते. दुसरी गोष्ट म्हणजे, ‘डीयू’ ही आज्ञा फाइलींची बेरीज करून जी जागा सांगते, ती ‘डीएफ’च्या आकड्याशी कधीकधी जुळत नाही. एखादी मोठी नोंद-फाइल पुसून टाकली, पण ती वापरणारा कार्यक्रम अद्याप चालूच असेल, तर तिची जागा मोकळी होत नाही. तो कार्यक्रम थांबवून पुन्हा सुरू केल्यावरच ती परत मिळते.

दुसरी चौकशी : कारकून कशासाठी खोळंबला आहे?

जागा पुरेशी असेल तर पुढची आज्ञा ‘व्हीएमस्टॅट’. तिच्यापुढे ५ हा आकडा दिला की दर पाच सेकंदांनी एक ओळ उमटते. या ओळीतील चार स्तंभ येथे महत्त्वाचे आहेत. ‘बी’ या शीर्षकाखाली, बहुधा डिस्कसाठी, अडून बसलेल्या कामांची संख्या असते. ‘डब्ल्यूए’ या शीर्षकाखाली, प्रोसेसरचा किती टक्के वेळ डिस्कची वाट पाहत रिकामा गेला, ते दिसते. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या दोन स्तंभांत मेमरी अपुरी पडल्यामुळे डिस्कवर होणारी ने-आण नोंदली जाते.

या शेवटच्या जोडीकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे शून्याऐवजी मोठे आकडे सातत्याने दिसत असतील, तर दोष डिस्कचा नसून मेमरीच्या टंचाईचा आहे. टेबल इतके लहान पडले की कारकून अर्धवट झालेले कागदही दप्तरखान्यात ठेवू लागला, असा त्याचा अर्थ. येथे नवी डिस्क घेणे म्हणजे पोटदुखीवर डोक्याला लेप लावणे होय.

‘डब्ल्यूए’चा आकडा वाचतानाही सावध असावे. त्या वेळी प्रोसेसरला दुसरे काही काम मिळाले, तर तो आकडा खाली येतो. डिस्क मात्र पूर्वीइतकीच तुंबलेली असते. म्हणजे आकडा मोठा असेल तर तो विचारात घ्यावा, पण तो लहान आहे म्हणून डिस्क निर्दोष ठरत नाही.

मुख्य परीक्षा : आयओस्टॅट

डिस्कच्या परीक्षेतील प्रमुख आज्ञा म्हणजे ‘आयओस्टॅट’. ‘सिसस्टॅट’ या मुक्त साधनसंचात ती मिळते. हा संच फ्रान्समधील सेबास्टियन गोडार यांनी रचला. लिनक्सचा गाभा प्रत्येक डिस्कवर झालेल्या वाचन-लेखनाचा हिशेब सतत ठेवत असतो. आयओस्टॅट ठराविक अंतराने तो हिशेब वाचते, वजाबाकी करते आणि दर सेकंदाचे प्रमाण काढून दाखविते. आज्ञा अशी द्यावी : ‘आयओस्टॅट’ हा शब्द, त्यापुढे वजाचिन्हासह ‘एक्स’ हे अक्षर, मग ५ आणि १२ हे आकडे. याचा अर्थ पाच-पाच सेकंदांच्या अंतराने बारा अहवाल.

यातील पहिला अहवाल बाजूला ठेवावा. तो सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी सांगतो. यंत्र तीन महिने चालू असेल तर त्यात तीन महिन्यांच्या निवांत रात्री मिसळलेल्या असतात. सकाळी अकरा वाजताची गर्दी त्यात बुडून जाते. दुसऱ्या अहवालापासूनच चालू स्थिती दिसू लागते.

अहवालात स्तंभ पुष्कळ असतात. नवशिक्याने त्यांतील चारच पाहावेत. पहिला, सेकंदाला पुऱ्या झालेल्या वाचनाच्या व लेखनाच्या मागण्या. दुसरा, सेकंदाला वाहून नेलेली माहिती, किलोबाइटमध्ये. तिसरा ‘अवेट’, म्हणजे एक मागणी दाखल झाल्यापासून पुरी होईपर्यंत गेलेला सरासरी वेळ, मिलिसेकंदांत. यात रांगेत थांबण्याचा आणि प्रत्यक्ष कामाचा असे दोन्ही वेळ येतात. वाचन व लेखन यांचे ‘अवेट’ स्वतंत्र दिलेले असतात. चौथा, रांगेची सरासरी लांबी. यांखेरीज शेवटी ‘युटिल’ हा स्तंभ असतो. त्यात डिस्क किती टक्के वेळ कामात गुंतलेली होती, ते दिसते.

या आकड्यांचा परस्परसंबंध कचेरीतील प्रत्येकाला परिचित आहे, फक्त नाव वेगळे आहे. एखाद्या शाखेत रोज ४० प्रकरणे येतात आणि प्रत्येक प्रकरण निकाली निघण्यास सरासरी ३ दिवस लागतात. तर कोणत्याही दिवशी त्या शाखेत १२० प्रकरणे प्रलंबित असणार. अमेरिकन गणिती जॉन लिटल यांनी १९६१ साली हा नियम सिद्ध केला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. डिस्कवरही तोच लागू पडतो. सेकंदाला १०० मागण्या आणि प्रत्येकीस २० मिलिसेकंद, तर रांगेची लांबी २. आकडे हाती आल्यावर हा गुणाकार करून पाहावा. तो जुळला की आकडे नीट वाचल्याची खात्री पटते.

एक नमुना

समजा, एका कार्यालयाचा सर्व्हर रोज साडेदहा ते साडेअकरा या वेळात संथ होतो. त्या तासात आयओस्टॅट चालविले असता असे दिसले : सेकंदाला ८० मागण्या, अवेट ४०० मिलिसेकंद, रांगेची लांबी ३२, युटिल १०० टक्के, आणि वाहून नेलेली माहिती सेकंदाला सव्वा मेगाबाइटच्या आसपास. दुपारी चार वाजता त्याच यंत्रावर सेकंदाला ४० मागण्या, अवेट १५ मिलिसेकंद आणि रांगेची लांबी एकाहूनही कमी आढळली.

या नोंदींचा अर्थ लावणे कठीण नाही. फिरत्या डिस्कची क्षमता सुमारे ८० मागण्यांची, हे वर पाहिलेच. सकाळी ती पूर्णपणे वापरली गेली आहे, आणि आलेली प्रत्येक नवी मागणी ३२ जणांच्या मागे उभी राहते. साडेबारा मिलिसेकंदांच्या कामासाठी ४०० मिलिसेकंद थांबावे लागते. एक अर्ज पडद्यावर आणण्यास अशी वीस वाचने लागत असतील, तर नागरिकाची आठ सेकंदे निव्वळ रांगेत जातात. शिवाय, वाहून नेलेली माहिती अत्यल्प असतानाही डिस्क पूर्ण गुंतलेली आहे. म्हणजे मागण्या लहान आणि विखुरलेल्या आहेत. तारांचा वेग किंवा जाळ्याची रुंदी वाढवून येथे काहीही साधणार नाही.

आता या मागण्या कोणाच्या, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर ‘आयओटॉप’ ही आज्ञा देते. कोणता कार्यक्रम किती वाचत व लिहीत आहे, याची यादी ती दाखविते. ती चालविण्यास यंत्रप्रमुखाचे अधिकार लागतात. समजा, या यादीत अग्रभागी आढळला तो वरिष्ठ कार्यालयास पाठवावयाचा दैनिक गोषवारा तयार करणारा कार्यक्रम. तो रोज साडेदहाला आपोआप सुरू होतो आणि विषयसूची नसल्यामुळे संपूर्ण नोंदसंग्रह चाळतो. तर उपाय दोन, आणि दोन्ही बिनखर्चाचे : गोषवारा पहाटे तयार करावा आणि नोंदसंग्रहास योग्य विषयसूची जोडावी. नव्या सर्व्हरच्या मागणीचा कागद पाठविण्याची गरजच उरत नाही.

शेवटच्या दहा टक्क्यांची किंमत

"डिस्क नव्वद टक्केच वापरात आहे, अजून दहा टक्के शिल्लक आहेत," असा युक्तिवाद कानी पडतो. रांगशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. मागण्या अनियमितपणे येत असतील आणि त्या पुऱ्या करणारा एकच असेल, तर १० मिलिसेकंदांच्या कामास ५० टक्के वापरावर सरासरी २० मिलिसेकंद लागतात. ८० टक्क्यांवर ५०, ९० टक्क्यांवर १०० आणि ९५ टक्क्यांवर २०० मिलिसेकंद लागतात. वापर पाच टक्क्यांनी वाढला आणि विलंब दुप्पट झाला! काल ठीक चालणारी यंत्रणा आज थोडी गर्दी वाढताच कोलमडते, ती यामुळे. निकालाच्या दिवशी किंवा अर्जाच्या अखेरच्या तारखेस जे घडते, त्याचे बीज आदल्या महिन्याच्या आकड्यांत पाहावयास मिळते.

तथापि ‘युटिल’चा आकडाही सर्वत्र सारखा अर्थ सांगत नाही. आधुनिक एसएसडी आणि अनेक डिस्कांचे संच एकाच वेळी कित्येक मागण्या हाताळतात. एखादी तरी मागणी चालू असली की घड्याळ चालू राहते आणि आकडा शंभरावर पोहोचतो, पण क्षमता बरीच शिल्लक असू शकते. म्हणून तेथे युटिलपेक्षा अवेट आणि रांगेची लांबी यांवर भिस्त ठेवावी. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने कोणत्याही साधनाची तपासणी करताना तीन प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ केली : वापर किती, तुंबारा किती, आणि चुका किती? तिन्हींची उत्तरे मिळाल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, हे त्या पद्धतीचे सार.

सरासरीचीही मर्यादा ओळखावी. शंभर मागण्यांपैकी ९९ मागण्या एका मिलिसेकंदात पुऱ्या झाल्या आणि एकीस पुरे एक सेकंद लागले, तर सरासरी सुमारे ११ मिलिसेकंद येते. ती पाहून कोणालाही चिंता वाटणार नाही. पण त्या एका मागणीमागे एक माणूस उभा असतो. अशा प्रसंगी विलंबाचे गट पाडून दाखविणारी ‘बायोलेटन्सी’ सारखी साधने उपयोगी पडतात.

आणखी एक गोष्ट आभासी सर्व्हरविषयी. आज अनेक कार्यालयांचे सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये, एकाच मोठ्या यंत्राचे भाग पाडून चालविले जातात. आपल्या बाजूने मागण्या मोजक्याच असताना अवेट वाढलेला दिसला, तर शेजाऱ्याचा भार आपल्यावर पडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सेवा पुरविणाऱ्याकडे आकड्यांसह तक्रार करावी. ‘संथ आहे’ या तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. ‘अमुक वाजता ३० मागण्यांना सरासरी ३०० मिलिसेकंद लागले’ ही तक्रार टाळणे कठीण असते.

चाचणी घेताना खबरदारी

डिस्कचा वेग मोजण्याच्या उत्साहात दोन अनर्थ घडू शकतात. ‘डीडी’ या आज्ञेने मोठी फाइल लिहून वेळ मोजण्याची जुनी रीत आहे. परंतु लिहिलेली माहिती प्रथम मेमरीत थांबते. त्यामुळे मोजला जातो तो टेबलाचा वेग, दप्तरखान्याचा नव्हे. मेमरीला वळसा घालण्याचा पर्याय स्पष्टपणे दिल्यासच आकडा खरा येतो. दुसरा अनर्थ याहून भयंकर आहे. ‘डीडी’ किंवा ‘एफआयओ’ या साधनाला चाचणीसाठी फाइलीचे नाव देण्याऐवजी डिस्कचेच नाव दिले आणि लेखनचाचणी सुरू केली, तर त्यावरील माहिती नष्ट होते. चालू सर्व्हरवर केवळ निरीक्षण करावे. चाचण्या मोकळ्या यंत्रावर घ्याव्यात.

आजारी डिस्कची लक्षणे

कधीकधी भार वाढलेला नसतो, डिस्कच आजारी असते. बिघडू लागलेली डिस्क एकच जागा पुन:पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि अवेट वाढतो. ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा डिस्कने स्वत:विषयी ठेवलेल्या नोंदी वाचून दाखविते. बदलून दिलेल्या खराब जागांची संख्या आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेल्या खराब जागांची संख्या, या दोन नोंदी प्रथम पाहाव्यात. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. पृष्ठतपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यात दिसून आले. मात्र त्याच अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी प्रमुख चार लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. म्हणजे लक्षण दिसल्यास डिस्क तात्काळ बदलावी, पण लक्षण नाही म्हणून प्रती काढून ठेवण्यात हयगय करू नये.

यंत्राच्या परिसराचाही डिस्कवर परिणाम होतो. ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ साली, सन मायक्रोसिस्टम्समध्ये असताना, डिस्कांच्या संचासमोर मोठ्याने ओरडून दाखविले आणि त्या कंपनामुळे विलंबाचा आलेख उसळलेला चित्रफितीत टिपला गेला. २०१६ साली रोमानियात बुखारेस्ट येथील एका बँकेत अग्निशमन यंत्रणेची चाचणी चालू असता वायू सुटण्याच्या प्रचंड आवाजाने डिस्का निकामी झाल्या आणि बँकेची सेवा कित्येक तास ठप्प झाली. सर्व्हरच्या खोलीत जनित्र, पंखे आणि अडगळ एकत्र ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नव्या तऱ्हेच्या डिस्काही अपवाद नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपल्या काही एसएसडींविषयी ग्राहकांना सावध केले. अंतर्गत आज्ञावलीतील दोषामुळे त्या ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस व ८ तास चालल्यावर कायमच्या निकामी होणार होत्या. एकाच दिवशी बसविलेल्या डिस्का एकाच वेळी मोडल्यास, एकीची माहिती दुसरीवर ठेवण्याची योजना फोल ठरते. डिस्क किती तास चालली, ही नोंदही स्मार्टसीटीएल दाखविते. ती वर्षातून दोनदा तरी पाहावी.

नोंदवही नसेल तर निदान नाही

कचेरीत कार्यविवरण नोंदवही असते. आलेली, निकाली निघालेली व शिल्लक प्रकरणे तीत लिहिली जातात. सर्व्हरची अशी नोंदवही म्हणजे ‘सार’. सिसस्टॅट संचातीलच ही सोय सामान्यत: दर दहा मिनिटांनी आकडे टिपून ठेवते. काही ठिकाणी ती बसविल्यावर मुद्दाम चालू करावी लागते. काल साडेदहाला काय घडले, हे विचारण्याची सोय तिच्यामुळेच होते. तक्रार आली तेव्हा यंत्रप्रमुख रजेवर असला, तरी आकडे जागेवर असतात.

निरोगी दिवसांचे आकडे टिपून ठेवणे हे आजारी दिवसांच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे आहे. अवेट ४० मिलिसेकंद हा आकडा चांगला की वाईट, याचे उत्तर एकटा आकडा देऊ शकत नाही. नेहमी १० असेल तर तो वाईट, नेहमी ४५ असेल तर नेहमीचाच. दर सोमवारी गर्दीच्या तासात मागण्यांची संख्या, अवेट, रांगेची लांबी आणि उरलेली जागा हे चार आकडे वहीत लिहून ठेवण्यास दहा मिनिटे पुरतात. वर्षाच्या अखेरीस ही बावन्न ओळींची वही कोणत्याही जाडजूड अहवालाहून अधिक बोलकी ठरेल.

उपायांचा क्रम

निदान झाल्यावर उपायही स्वस्तापासून महागाकडे या क्रमाने करावेत. प्रथम, गर्दीच्या वेळी चालणारी अवजड कामे, प्रती काढणे किंवा गोषवारे तयार करणे, रात्री वा पहाटे हलवावीत. दुसरे, नोंदसंग्रहाची विषयसूची व प्रश्नांची मांडणी सुधारून घ्यावी. तिसरे, मेमरी वाढवावी. चौथे, फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. आणि इतके करूनही रांग हटली नाही, तरच नव्या सर्व्हरचा विचार करावा. प्रत्येक उपायानंतर तेच चार आकडे त्याच वेळी पुन्हा घ्यावेत आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास गुण कोणत्या औषधाने आला, हे कळत नाही.

प्रत्येकाने या आज्ञा स्वत: टंकाव्यात, अशी अपेक्षा नाही. परंतु खरेदीचा प्रस्ताव मंजुरीसाठी समोर येतो तेव्हा अधिकाऱ्याने त्यासोबत गर्दीच्या तासाचे आकडे मागावेत. पंचायत सदस्याने मासिक सभेत ‘सर्व्हर किती वेळा बंद होता’ या प्रश्नाबरोबर ‘चालू असताना नागरिकाला किती थांबावे लागले’ हेही विचारावे. शिक्षकांनी तर शाळेच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावर लिनक्स बसवून हे स्तंभ विद्यार्थ्यांना दाखवावेत. सरासरी, प्रमाण आणि रांगेचे गणित शिकविण्यास याहून जिवंत उदाहरण शोधावे लागणार नाही.

दाखल्यासाठी आलेल्या माणसाला अवेट म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. एका दिवसाचा रोजगार बुडवून तो आलेला असतो आणि संध्याकाळची शेवटची एसटी त्याला गाठावयाची असते. त्याच्या रांगेची लांबी आणि यंत्राच्या पोटातील रांगेची लांबी यांचा संबंध ओळखून दुसरी वेळीच मोजणे, हे आजच्या कार्यालयाचे एक साधे, पण टाळता न येणारे कर्तव्य आहे.